जयवंता मॅडमचा चेहरा

अल्लीपूरहून निघालेला एक अरुंद डांबरी रस्ता कापसाच्या आणि तुरीच्या वावरांमधून जातो आणि एका लहानशा गावात येऊन संपतो. त्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जयवंता तिमांडे शिकवते. शाळेला दोन खोल्या आणि एक व्हरांडा. एका खोलीत मुख्याध्यापक हरिदास सर पहिली-दुसरी घेऊन बसतात, दुसऱ्या खोलीत जयवंता तिसरी-चौथी घेऊन. रोज सकाळी ती अल्लीपूरहून स्कुटीवर येते. तिचा नवरा धनंजय याचं अल्लीपूरच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान आहे. दुकान उघडायच्या आधी तोच तिची गाडी बाहेर काढून, पुसून ठेवतो.

जयवंताचं माहेर वडनेरचं. शाळेत असताना तिनं चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या आणि दोन्हींत वरची श्रेणी मिळवली. तिला आवड होती ती माणसांचे चेहरे काढायची. बाजाराच्या दिवशी वडनेरच्या बसथांब्यावर गाडीची वाट पाहत बसलेल्या बाया ती वहीच्या मागच्या पानांवर काढायची. कोणाची हनुवटी पुढं आलेली, कोणाच्या नाकात जुनी जड नथनी, कोणी तोंडात पदराचं टोक धरलेलं. नागपूरला जाऊन चित्रकलाच शिकायची असं तिच्या मनात होतं. घरच्यांनी डी.एड.ला घातलं. नोकरी लागली, लग्न झालं, सुरभी नावाची मुलगी झाली. यात तिला फार काही गमावल्यासारखं वाटलं नाही, कारण मुलांना शिकवणं तिला मनापासून आवडायचं. चेहरे काढायचं मात्र हळूहळू सुटलं, ते कधी सुटलं हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

प्राथमिक शाळेत चित्रकलेला वेगळा शिक्षक नसतो. वेळापत्रकात तास असतो, पण गणित मागं राहिलं असेल तर तो गणिताला जातो. उरलाच तर फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नदी आणि नारळाचं झाड काढून द्यायचं आणि मुलांनी ते उतरवून घ्यायचं. त्या गावात नारळाचं झाड नव्हतं आणि डोंगरही नव्हता. जयवंतासुद्धा बरीच वर्षं हेच करत होती.

एका जुलैत, पाऊस झड लावून बसला होता आणि निम्मी मुलं आली नव्हती. तेव्हा तिनं आलेल्या मुलांना सांगितलं की आज फळ्यावर काही नाही, प्रत्येकानं आपापल्या आईचं चित्र काढा. अर्ध्या तासानं तिनं वह्या गोळा केल्या. सगळ्या आया एकसारख्या होत्या. गोल तोंड, मोठ्या पापण्या, लाल ओठ, आणि सगळ्यांचा रंग रंगपेटीतल्या त्या फिक्या गुलाबी खडूचा, ज्याला मुलं स्किन कलर म्हणतात. तिनं ऋतिक नावाच्या मुलाला जवळ बोलावलं. ऋतिकची आई रोज शाळेसमोरून वावरात जायची. उंच, सडपातळ, उन्हानं रापलेली बाई.

"तुझी आई अशी दिसते का रे?"

"नाई मॅडम," ऋतिक म्हणाला. "पण चित्रात माय अशीच राह्यते ना."

हे उत्तर जयवंताच्या डोक्यातून जाईना. घरी गेल्यावर तिनं धनंजयला सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला की पोरगं बरोबर बोललं, त्यानं चित्रातली माय पाहूनच माय काढली. जयवंता म्हणाली, मग त्यानं खरी माय पाहिली कधी?

त्या आठवड्यापासून तिनं डोंगर आणि नदी बंद केली. शुक्रवारचे शेवटचे दोन तास चेहऱ्यांचे ठरले. पहिल्या दिवशी कागद नाही, पेन्सिल नाही. मुलांना समोरासमोर जोडीनं बसवलं आणि फक्त पाहायला लावलं. मुलं खिदळली, माना खाली घातल्या, एकमेकांना वेडावून दाखवलं. तिनं होऊ दिलं. मग सांगितलं, "डोळ्यानं हात फिरवल्यासारखं पाहायचं. गाय आपल्या वासराले चाटते ना, तसं. कपाळापासून हनुवटीपर्यंत काही सोडायचं नाही. आणि जे दिसलं त्याले हसायचं नाही."

मग हळूहळू बाकीचं आलं. सगळी मुलं डोळे कपाळाला चिकटवून काढायची. तिनं प्रत्येकाला दोऱ्यानं आपलाच चेहरा मोजायला लावला, तेव्हा कळलं की डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते, हेही त्यांनी बोटानं मोजून पाहिलं आणि घरी जाऊन आजी-आजोबांना मोजलं. रंगाचा प्रश्न निघाला तेव्हा तिनं गुलाबी खडू सगळ्यांच्या पेटीतून काढून एका डब्यात ठेवला आणि सांगितलं की आपापल्या हाताच्या रंगाची वस्तू शोधून आणा. कोणी गुळाचा खडा आणला, कोणी भाजलेला शेंगदाणा, कोणी चिंचेचं बोटुक, एकानं वावरातलं काळ्या मातीचं वाळलं ढेकूळ आणलं. मग तांबडा, पिवळा, तपकिरी, काळा असे तेलखडू एकमेकांवर घासून तो रंग जुळवायचा. त्या दिवशी वर्गातली सगळी मुलं आपापले हात वस्तूंना लावून बसली होती आणि हरिदास सर दारात उभे राहून बराच वेळ ते पाहत होते.

वर्गात आचल नावाची चौथीतली एक मुलगी होती. वाचताना अडखळायची, गणितात मागं, आणि बोलायला लावलं की ओढणीचं टोक चावत बसायची. चेहऱ्यांच्या तासाला मात्र तिची नजर हलायची नाही. सगळ्यांचं काढून झालं तरी ती पाहतच असायची. एकदा तिनं तिच्या जोडीदारिणीला, काजलला, सांगितलं की तुझी एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे. काजलनं घरी जाऊन आरसा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांना ते मोठ्या अभिमानानं दाखवलं.

पंधरा ऑगस्टला जयवंतानं मुलांची चित्रं व्हरांड्यात दोरीला टांगली. घरातल्या एका माणसाचा चेहरा काढून आणायला सांगितलं होतं. ऋतिकनं त्याच्या आजीचा, देवकाबाईचा, चेहरा काढला होता. त्या वयाच्या मुलाच्या मानानं ते चित्र फारच नेमकं होतं. आत गेलेले गाल, वरचे पडलेले दात, आणि कपाळावर डाव्या बाजूला जुन्या जखमेचा वण. झेंडावंदनाला आलेले लोक चित्रांपाशी थांबत होते, ओळखत होते, हसत होते. दुपारी ऋतिकचे वडील योगेंद्र शाळेत आले. ते शाळा समितीवर होते आणि शाळेच्या कामात नेहमी पुढं असायचे. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा उतरला होता.

"मॅडम, तुमच्याविषयी काही म्हणनं नाई जी," ते म्हणाले. "पण माह्या मायचं असं चित्र सारं गाव पाहून राह्यलं. दात पडलेले, कपाळावर वण. जरा चांगलं काढून घेता आलं नसतं काय पोराकडून?"

जयवंतानं वाद घातला नाही. ती म्हणाली की तुम्ही म्हणाल तर आत्ता दोरीवरून उतरवून ठेवते, फक्त एकदा तुमच्या आईला विचारा. योगेंद्र घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाई स्वतःच आली, एका हातात काठी, दुसरा हात ऋतिकच्या खांद्यावर. ती चित्रासमोर उभी राहिली. डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून अगदी जवळ जाऊन तिनं ते खालून वर पाहिलं. कपाळावरच्या वणाशी आली तेव्हा तिचं बोट आपोआप आपल्या कपाळाकडं गेलं. लग्न होऊन आली त्या वर्षी विहिरीच्या रहाटाचा दांडा लागला होता, असं तिनं जयवंताला सांगितलं. ऋतिकला ते माहीत नव्हतं. योगेंद्रनासुद्धा माहीत नव्हतं असं नंतर कळलं.

"आधार कार्डावर एक बाई हाय," देवकाबाई म्हणाली. "ते कोन हाय, मले कधी समजलं नाई. हे मीच हाय. राहू द्या."

चित्र राहिलं. योगेंद्रनी पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या शुक्रवारपासून गावातलं कोणी ना कोणी वर्गात येऊन मुलांसमोर बसू लागलं. दळण दळणारे बंडूजी पीठ झटकून आले आणि पूर्ण वेळ श्वास रोखून बसले. त्यांना कोणीतरी श्वास घ्यायला सांगावं लागलं. दिवाळीपर्यंत मुलांचे हात बरेच वळणावर आले होते. जयवंताचाही हात सुरू झाला. मुलं काढत असायची तेव्हा तीसुद्धा मागच्या बाकावर बसून काढायची. किती वर्षांनी पेन्सिल अशी धरली, हे तिला पहिल्या दिवशी मोजावंसंही वाटलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात थंडी चांगलीच पडली होती. एका सकाळी जयवंता चूळ भरायला गेली तर पाणी उजव्या बाजूनं आपोआप बाहेर सांडलं. तिला वाटलं, झोपेत आहोत. मग चहाही तसाच सांडला. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. तिनं हसून पाहिलं, फक्त डावीच बाजू हसली. उजवा डोळा मिटेना. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. धनंजयनं मान वर करून पाहिलं आणि हातातला कप तसाच ठेवला.

त्याला लकव्याचीच भीती वाटली. दुकान बंद ठेवून तो तिला गाडीत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईनं हात-पाय उचलायला लावले, बोलायला लावलं, भुवया वर करायला लावल्या. उजवी भुवईही वर जाईना हे पाहून ती म्हणाली की हे मेंदूचं नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे. लवकर आलात हे बरं झालं. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला औषध दिलं, झोपताना डोळ्यावर चिकटपट्टी लावायला सांगितली. बहुतेकांचं बरं होतं, कोणाचं काही आठवड्यांत, कोणाला काही महिने लागतात. व्यायाम मात्र रोज करायचे. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी ते करून दाखवले. भुवया उचलणं, डोळे घट्ट मिटणं, गाल फुगवणं, ओठांचा चंबू करून शिट्टी वाजवणं, दात दाखवून हसणं. आणि हे सगळं आरशासमोर.

गोळ्या जयवंतानं वेळच्या वेळी घेतल्या. व्यायाम तिनं केले नाहीत, कारण ते आरशासमोर करायचे होते. तिनं बेडरूममधल्या आरशावर साडी टाकून ठेवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या बाया बोलवायला आल्या तर ती आतून बाहेर आली नाही. सासरच्या एका नात्यातल्या बाईनं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, दुसरीनं मंतरलेला धागा आणून दिला. सगळ्यांना तिचं बरं व्हावं असंच वाटत होतं, पण बोलताना प्रत्येकाची नजर तिच्या तोंडावर यायची आणि लगेच भिंतीकडं जायची. ते नजर काढून घेणं तिला सगळ्यात जास्त लागायचं. सुरभी तेवढी तिच्याकडं सरळ पाहायची, पण तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

रजा संपली आणि ती शाळेत गेली. कोरोनातले मास्क घरात होतेच, त्यातला एक लावला, वर काळा चष्मा घातला. मुलांना सांगितलं की सर्दी आहे. त्या आठवड्यात शुक्रवारी तिनं फळ्यावर दोन डोंगर काढले, मधून सूर्य काढला, झोपडी काढली. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. पुढच्या शुक्रवारीही तेच. हरिदास सरांना कारण माहीत होतं. त्यांनी तिला घरी जास्त दिवस राहायचं असेल तर दोन्ही खोल्या मी सांभाळतो असं सांगितलं. ती म्हणाली, घरी तर आणखीच जीव घाबरा होतो.

तिसऱ्या शुक्रवारी ती फळ्यावर नदीची रेघ ओढत होती. पाठीमागून आचलचा आवाज आला. आचल स्वतःहून वर्गात बोलली असं त्याआधी कोणाला आठवत नव्हतं.

"मॅडम, चेहरे काऊन काढून नाई राह्यलो आपण?"

जयवंता न वळताच म्हणाली की आता परीक्षा जवळ आली.

"तुमचा चेहरा तसा झाला म्हणून काय?"

जयवंताच्या हातातला खडू नदीवर थांबला. गाव लहान आहे, अल्लीपूर जवळ आहे. सगळ्यांना सगळं माहीत होतं. मुलं इतके दिवस सर्दीचं खरं मानल्यासारखं वागत होती, तिच्यासाठी. ते ध्यानात आलं आणि तिला आधी राग आला, कोणावर ते कळलं नाही, मग तो गेला. तिनं खडू ठेवला, वळून चष्मा काढला, मग मास्क काढला.

पुढच्या बाकावरच्या तिसरीतल्या एका मुलीनं घाबरून मान खाली घातली. मागं कोणीतरी हसल्यासारखं झालं आणि त्याला शेजाऱ्यानं कोपरानं ढोसलं. ऋतिक पाहत होता. आचल पाहत होती. जयवंतानं खुर्ची ओढून वर्गाच्या मध्यभागी ठेवली आणि बसली. बोलताना ओठांच्या एका कोपऱ्यातून हवा निसटत होती, त्यामुळं शब्द जरा बोबडे येत होते.

"पाहा," ती म्हणाली. "जसं शिकवलं तसंच पाहा. आणि काढा."

नंतर कितीतरी दिवसांनी तिनं धनंजयला सांगितलं की त्या खुर्चीत बसल्यावर पहिली काही मिनिटं तिला उठून पळून जावंसं वाटत होतं. पण मुलांनी मोजायला सुरुवात केली. दोरे निघाले, बोटं हवेत उभी राहिली, एक डोळा मिटून माना तिरप्या झाल्या. ती घाबरलेली मुलगीसुद्धा थोड्या वेळानं मान वर करून पाहू लागली. नजरा तिच्या तोंडावर येत होत्या आणि तिथंच राहत होत्या. कपाळावर, भुवईवर, गालावर, हनुवटीवर. कोणी भिंतीकडं पाहिलं नाही. आचल तर वही घेऊन इतकी जवळ आली की तिचा श्वास जयवंताच्या गालाला लागत होता.

"हा डोळा मिटत नाई काय, मॅडम?"

"नाही मिटत."

"मंग झोपता कशा?"

"पट्टी लावून."

आचलनं मान हलवली, जणू काढायच्या कामाची एक गोष्ट कळली, आणि जागेवर गेली.

शाळा सुटल्यावर जयवंता रिकाम्या वर्गात चित्रं पाहत बसली. तिनं मुद्दाम एकेक चित्रात आपलं वाईट दिसणं शोधलं. सापडलं नाही. ओघळलेला गाल होता, वाकडं तोंड होतं, न मिटणारा डोळा होता, सगळं होतं. शिवाय हनुवटीवरचा तीळ होता, केसांतली पांढरी बट होती, जी तिला स्वतःलाही नीट माहीत नव्हती. ऋतिकनं अर्धं हसणं काढलं होतं आणि ते अर्धं हसणं छान होतं. आचलच्या चित्रात उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब होता. तो डोळा सतत पाणावलेला असायचा, तेवढंच. रडणं नव्हतं ते. बाकी लोकांना ते रडणं वाटायचं. आचलनं दोन्हींतला फरक पाहिला होता. जयवंतानं ते चित्र पिशवीत घातलं आणि घरी जाऊन आरशावरची साडी काढली.

सोमवारी परिपाठ झाल्यावर ऋतिकनं विचारलं की डॉक्टरनं औषध दिलं की इंजेक्शन. जयवंतानं सांगितलं, औषध दिलं आणि व्यायाम दिले. कसले व्यायाम, असं सगळ्यांनीच विचारलं. तिनं भुवया उचलून दाखवल्या, म्हणजे एकच उचलली गेली. मुलांनीही उचलल्या. तिनं गाल फुगवले, डावा फुगला आणि उजव्या बाजूनं हवा निघून गेली. मुलांनी गाल फुगवले. शिट्टीची वेळ आली तेव्हा अख्ख्या वर्गानं अशी शिट्टी वाजवली की शेजारच्या खोलीतून हरिदास सर धावत आले. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी दारातच ओठांचा चंबू केला. सरांना शिट्टी वाजवता येत नाही, हे त्या दिवशी शाळेला कळलं, आणि सगळ्यात जास्त तेच हसले.

तेव्हापासून रोज परिपाठानंतर पाच मिनिटं चेहऱ्याचा व्यायाम सुरू झाला. जयवंतानं त्याचाही धडा केला. राग आला की भुवया कुठं जातात, आंबट लागलं की नाकावर किती सुरकुत्या पडतात, खोटं हसताना डोळे का हसत नाहीत. मुलं ते करून पाहायची आणि शुक्रवारी कागदावर काढायची. आचलनं स्वतःकडं एक काम घेतलं. व्यायामाच्या वेळी ती मॅडमच्या समोर उभी राहायची आणि पाहायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं. दर दिवशी जयवंता विचारायची, काही दिसलं का, आणि आचल मान हलवायची, नाई. तिनं कधी खोटं सांगितलं नाही, मॅडमला बरं वाटावं म्हणूनही नाही.

मार्च लागला, पळसाला फुलं आली. एका सकाळी जयवंता नेहमीसारखी दात दाखवून हसण्याचा व्यायाम करत होती. आचल एक पाऊल पुढं आली.

"मॅडम, परत करा."

तिनं परत केलं.

"हाललं," आचल म्हणाली. "ओठाच्या कोपऱ्यात. थोडकसंच हाललं, पन हाललं."

जयवंतानं सकाळीच आरशात पाहिलं होतं, तिला काहीच दिसलं नव्हतं. तिनं मोबाइलचा कॅमेरा उलटा करून पाहिलं, तरी दिसेना. ऋतिकला आणि काजलला जवळ बोलावलं, त्यांनाही आधी दिसलं नाही. मग आचलनं बोट ठेवून जागा दाखवली आणि दोघांनी एकदमच होकार भरला. त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही. जयवंतानं दुपारी धनंजयला दुकानात फोन केला आणि काही सांगण्याआधीच, या आजारपणात पहिल्यांदा, ती रडली. तो घाबरला. मग कळल्यावर त्यानंही दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं आणि तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्यानंतर सुधारणा रोज दिसू लागली. आधी ओठ, मग गाल, मग डोळा मिटायला लागला. एप्रिलच्या परीक्षा होईपर्यंत तिचं बोलणं साफ झालं. भुवई मात्र अजून पूर्ण वर जात नाही, आणि ती मोकळेपणानं हसली की उजवा डोळा आपोआप बारीक होतो. डॉक्टरीणबाई म्हणाली, तेवढं राहील कदाचित. जयवंताला त्याचं आता काही वाटत नाही. वडनेरला भावाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा ती सगळ्या फोटोंत पुढं उभी होती.

मे महिन्याच्या सुरुवातीला ती शेवटच्या तपासणीला सेवाग्रामला गेली. फिजिओथेरपीच्या ताईंनी चेहरा पाहून विचारलं, घरी व्यायाम कोण करून घेत होतं? जयवंतानं सगळी हकीकत सांगितली आणि पिशवीतून आचलचं चित्र काढून दाखवलं. ताई त्या चित्राकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की हे आमच्या खोलीत भिंतीवर लावायला द्याल का. तोंड वाकडं झालेले लोक इथं येतात, आरशासमोर बसायला तयार नसतात.

जयवंता म्हणाली, जिनं काढलं तिला विचारावं लागेल.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती स्कुटीवर गावात गेली. शाळेला सुट्ट्या होत्या. आचल अंगणात कडुनिंबाखाली लहान भावाला आंघोळ घालत होती. तिची आई लगबगीनं खाट टाकायला लागली. जयवंतानं सेवाग्रामचं सांगितलं. आचलनं हात पुसले, चित्र हातात घेतलं आणि ते मॅडमच्या चेहऱ्याशेजारी धरून दोन्हींकडं आलटून पालटून पाहिलं.

"हा जुना झाला," ती म्हणाली. "आता असं नाई दिसत तुम्ही."

"मग नको द्यायचं?"

आचलनं थोडा विचार केला. "देजा. पन नवा बी काढून देतो मी. दोनी बाजूबाजूनं लावाले सांगजा. नाई तर लोकायले समजन कसं, का बरं होते म्हनून?"

आईनं चहा ठेवला. आचल घरात जाऊन वही आणि तेलखडूंची पेटी घेऊन आली, भावाला खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि स्वतः मॅडमच्या समोर मांडी घालून बसली. तिनं अजून पेन्सिल उचलली नव्हती, नुसती पाहत होती. चहा आला तेव्हा जयवंतानं कप घ्यायला हात पुढं केला, तर आचल म्हणाली की थोडं थांबा, मॅडम, हालू नका. जयवंतानं हात परत मांडीवर ठेवला. आचलची आई चहा हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि तीही पाहू लागली.